सहा पोत्यांचं पाणी

आमच्या फाल्कनरॉइट गावात बियर करायचा हक्क माणसाला नसतो, घराला असतो. घर विकलं की हक्क गेला, घरात सून आली की हक्क तिचाही झाला. त्यामुळे एरहार्ड ग्लाइसनर वारला तेव्हा त्याच्या बियर करायच्या पाळीचं काय करायचं, हा प्रश्न खरं तर कुणाला पडायलाच नको होता. पण पडला. एरहार्डला मुलगा नव्हता, दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या, आणि घरात उरली होती एकटी नोटबुर्गा, त्याची बायको.

"पाळी आमच्या घराची आहे. मी करणार बियर," ती म्हणाली.

सामाईक भट्टीघराचा कारभार हाउबनरकडे होता. त्यानं टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "अगं, काहिलीतला चाटू तुझ्यापेक्षा उंच आहे."

"इतकी वर्षं तो चाटू कोण फिरवत होतं? एरहार्ड खिडकीत बसून चिलीम ओढायचा, विसरलास?"

हाउबनर विसरला नव्हता. आम्ही कुणीच विसरलो नव्हतो. नोटबुर्गाला जाळ सांभाळता येत होता, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं कधी टाकायची ते कळत होतं, गोडा रस तळघरातल्या पिंपात नेऊन यीस्ट लावणं तर तिचंच काम होतं. एक गोष्ट मात्र तिनं कधी केली नव्हती. पाणी तिनं कधी ठरवलं नव्हतं. ते ठरवायचा एरहार्डचा थोरला भाऊ, ओटमार.

ओटमार सुतार होता, आणि पाण्याच्या हिशेबात त्याचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता. दोघं भाऊ मिळून एकत्र दहा पोत्यांची बियर करायचे, पण बाकीचेही आपापल्या पाळीला त्यालाच विचारायचे. मोड आणून वाळवलेल्या जवाची पोती दारात उतरली की ओटमार त्यांच्यावर थाप मारायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा हिशेब मांडायचा. "किलोला साडेतीन लिटर, हे पहिलं पाणी. घाट्यात चाटू उभा करून सोडला तर हळूच कलला पाहिजे. पडला तर पातळ झालं, उभा राहिला तर घट्ट. आता धान्य काय करतं? किलोला लिटरभर पाणी पिऊन बसतं आणि परत देत नाही, बॉइम्लच्या उधारीसारखं. उकळताना दहातला एक भाग वाफ होऊन छपरातून जातो. बियर किती हवी ते धर, त्यात हे दोन्ही तोटे मिळव, त्यातून पहिलं पाणी वजा कर. उरलं ते चोथा धुवायला." आणि मग फटकन आकडा सांगायचा. बॉइम्ल खाटीक स्वतःही हसायचा. पोरंसोरंसुद्धा ऐकायला थांबायची.

त्या शरद ऋतूत ओटमारनं आपल्या घराची पाळी घेतली नाही. गुडघे दुखतात म्हणाला. सुतारकामही त्यानं आदल्याच वर्षी जावयाच्या हवाली केलं होतं, तेही गुडघ्यांच्याच नावानं. पण नोटबुर्गानं पाण्याचं विचारायला माणूस पाठवला तेव्हा तो खूश झाला. "मी नसलो तर करणार काय ही मंडळी!" असं म्हणत सकाळीच भट्टीघरात हजर झाला.

नोटबुर्गानं एकटीच्या जिवावर सहा पोतीच घेतली होती.

"सतराशे पन्नास," ओटमार म्हणाला.

तिनं नळ सोडला, मोजकाठी काहिलीत धरली आणि त्या खुणेला पाणी बंद केलं. खाली हाउबनर भट्टीत लाकडं सारत होता. पाणी हवं तेवढं तापल्यावर दळलेलं धान्य ओतलं आणि ती चाटू घेऊन काठावर उभी राहिली. थोडा वेळ ढवळून थांबली.

"भावोजी, चाटू उभाच राहत नाहीये. सोडला की तरंगतोय."

"धान्य फुगायला वेळ लागतो."

तिनं आणखी ढवळलं. मग हळू आवाजात, खाली ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "सहाच पोती आहेत हं, भावोजी. दहा नाहीत."

ओटमारनं हिशेब करायचा प्रयत्न केला. सहा पोती. प्रत्येकात पन्नास किलो. इथपर्यंत तो आला आणि पुढे काहीच नव्हतं. पायरी आहे म्हणून अंधारात पाऊल टाकावं आणि पायाखाली जमीनच नसावी, तसं झालं. कपाळावर घाम आला, तो वाफेचा म्हणून खपून गेला.

"मला शिकवतेस?" तो खेकसला. "तुझा नवरा चड्डीत होता तेव्हापासून पाणी मोजतोय मी."

 दुपारी रस काहिलीत उकळायला घेतला तेव्हा तिनं एकदा बोटावर घेऊन चाखला आणि म्हणाली, "जरा जास्त वेळ आटवूया का?"

"लाकूड काय फुकट येतं? आणि कडू करून ठेवशील."

तिनं आटवला नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस नोटबुर्गाच्या दारावर चांदणी लटकली. ज्याच्या घरची बियर तयार होते तो काठीच्या टोकाला पितळी चांदणी लावतो, आणि मग त्याची बैठकीची खोली चार दिवस सगळ्या गावाची होते. त्या संध्याकाळी बसायला जागा नव्हती. एरहार्डच्या आठवणीसाठी म्हणूनही बरेच आले होते. तिनं सॉसेज उकडली होती, काळा पाव कापून ठेवला होता, चीजमध्ये कांदा आणि लाल तिखट कालवून मोठं वाडगंभर ठेवलं होतं.

पहिले मग भरून आले. लोकांनी ते एकमेकांवर आपटले, एक घोट घेतला आणि पुन्हा मगात डोकावून पाहिलं.

पहिला बॉइम्ल बोलला. त्यानं मोठा काचेचा मग दिव्यासमोर धरला. "अरे वा! पलीकडचा माणूस दिसतोय! नमस्कार हाउबनर, कसा आहेस?"

हशा पिकला.

"बुर्गी, बियर दिलीस की पिंप विसळलंस?"

"सूप करायची सवय असते रे बायकांच्या हाताला," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "पाहुणे वाढले की एक तांब्या पाणी!"

"एरहार्ड सुटला बिचारा. नाहीतर आज पुन्हा मेला असता."

यावर काहीजण हसले, काहींनी माना खाली घातल्या. हाउबनरला वाईट वाटलं असावं. तो ओटमारकडे वळला. ओटमार शेगडीजवळच्या नेहमीच्या बाकावर बसला होता. "पण ओटमार, तू होतास ना त्या दिवशी? पाणी तू सांगितलंस ना?"

सगळ्या माना तिकडे वळल्या. पहिल्या घोटातच त्याला सगळं कळलं होतं. नुसतं पातळ झालंय एवढंच नव्हे, का झालंय तेही. सतराशे पन्नास हा आकडा दहा पोत्यांचा होता. सहाचा नव्हता. ती बोललीही होती.

"मी सांगितलं ते बरोबरच होतं," ओटमार म्हणाला. "ऐकणाऱ्यानं ऐकलं नाही तर मी काय करू?"

नोटबुर्गा त्याच्या मागेच उभी होती. दोन्ही हातांत तीन-तीन भरलेले मग होते. मी समोर बसलो होतो, मला तिचा चेहरा दिसत होता. तिनं तोंड उघडलं, मिटलं. मग पुढे होऊन एकेक मग टेबलावर ठेवला, एक ओटमारसमोरही ठेवला, आणि विचारलं, "अजून सॉसेज कुणाला हवीयेत का?"

दुसऱ्या दिवशी फारसं कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं चांदणी उतरवली. उरलेली बियर गाडीत घालून डुकरांना गेली, आणि डुकरं बॉइम्लची होती, म्हणून तो विनोद नाताळपर्यंत पुरला.

पुढचं मला ओटमारच्या बायकोनं, क्रेशेन्झनं सांगितलं. ती म्हणते, तो घरी येऊन जेवला नाही. दुसऱ्या दिवशी ती कपडे वाळत घालत असताना उगाचच तिच्याभोवती घुटमळत राहिला. शेवटी तिनंच विचारलं, "तू सांगितलंस आणि नोटबुर्गानं ऐकलं नाही?"

"हं."

"नोटबुर्गानं? जी मीठ घालायच्या आधीसुद्धा दोनदा विचारते?"

तो दोरीवरचा एक चिमटा काढून पुन्हा तिथेच लावू लागला.

"जावयाच्या खिडकीची चौकट आखूड कापलीस," क्रेशेन्झ म्हणाली, "तेव्हा म्हणालास गुडघे दुखतात. माप काय गुडघ्यानं घेतात, ओटमार?"

तो तिथून तडक मागच्या लाकडांच्या खोपीत गेला. बराच वेळ आला नाही म्हणून ती बघायला गेली. तो जमिनीवर बसला होता आणि समोर बटाट्यांचे ढीग मांडले होते. धान्याचे बटाटे वेगळे, पाण्याचे वेगळे. एका बटाट्याला तीन बटाटे त्यानं बरोबर मांडले होते. साडेतीनमधल्या अर्ध्याचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. हातात चाकू होता, एक बटाटा कापलेला होता, आणि कापलेला तुकडा कुठल्या ढिगातला हे विसरून तो नुसता बसून होता. क्रेशेन्झ दारातूनच परत फिरली. "आत गेले असते तर त्यानं माझ्याकडे पुन्हा वर मान करून बघितलं नसतं," ती म्हणाली.

तो चर्चमध्ये मागच्या बाकावर बसू लागला. दुकानात जाणं त्यानं सोडलं. नोटबुर्गा रस्त्यात भेटली की पूर्वीसारखीच म्हणायची, "देव भलं करो, भावोजी." आवाजात ना राग, ना टोमणा. चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिचं ते रोजचं "देव भलं करो" ऐकलं की त्याचे कान लाल व्हायचे आणि तो बाजूच्या बोळात वळायचा, मग त्या बोळात काही काम असो वा नसो.

जानेवारीत, तीन राजांच्या सणाला, भट्टीघराच्या माडीवर वर्षाच्या पाळ्या ठरतात. त्या दुपारी आम्ही सगळे हक्कदार जमलो. बायकांमध्ये एकटी नोटबुर्गा होती, काळा रुमाल बांधून खिडकीशी बसली होती. तिच्या घराचं नाव आलं तेव्हा हाउबनर खाकरला.

"बुर्गी, रागावू नकोस. बियरला गावाचं नाव लागतं. आमचं असं ठरलंय की तुझ्या पाळीला पाण्याचा नळ ओटमारच्या हातात राहील. बाकी सगळं तू कर. म्हणजे कुणाला बोलायला जागा नाही."

त्याला वाटत होतं तो तिच्यावर उपकार करतोय. खरंच वाटत होतं.

"मला मान्य नाही," नोटबुर्गा म्हणाली.

"का? त्याच्यापेक्षा चांगला माणूस दाखव गावात."

"मान्य नाही म्हटलं ना."

"मग पाळी सोड," बॉइम्ल म्हणाला. "एकदा गावानं आंघोळ केली तेवढी पुरे झाली."

ती त्याच्याकडे बघत राहिली. ओटमारकडे तिनं पाहिलंही नाही. त्या दिवसाबद्दल अजूनही ती एक शब्द बोलली नाही, आणि मला वाटतं, तेच ओटमारला सोसवलं नाही. तो उठला. बाक मागे सरकल्याचा आवाज झाला.

"हाउबनर, मला विचार."

"काय विचारू?"

"सहा पोत्यांचं पहिलं पाणी किती, ते विचार."

"अरे, तुला येतं ते ठाऊक आहे आम्हाला. बस खाली."

"विचार म्हणतो ना!"

हाउबनरनं आमच्याकडे पाहत खांदे उडवले. "बरं बाबा. सहा पोत्यांना पहिलं पाणी किती?"

"सहा पोती," ओटमारनं सुरुवात केली, नेहमीच्या त्या भरदार आवाजात. "पोत्यात पन्नास किलो. म्हणजे सहा पन्नास..." तो थांबला. आम्ही वाट पाहिली. कुणीतरी गंमत समजून हसलं आणि लगेच गप्प झालं. ओटमारची बोटं कोटाच्या काठाशी चाळवत होती.

"तीनशे," माझ्या शेजारचा पुटपुटला, शाळेत मित्राला उत्तर सांगावं तसा.

"तीनशे. तीनशेला साडेतीन... तीनशेला..." त्याच्या मानेची शीर फुगली. "सतराशे पन्नास!" तो एकदम बोलून गेला आणि लगेच मान हलवू लागला. "नाही. ते दहाचं. सहाचं सांगा म्हटलं तरी जिभेवर दहाचंच येतं. मधलं सगळं गेलंय माझं. वर्ष झालं, जास्तच झालं असेल." तो नोटबुर्गाकडे वळला नाही, आमच्याशीच बोलत राहिला. "त्या दिवशी मी तिला हेच सांगितलं. सतराशे पन्नास. ती म्हणाली, सहाच पोती आहेत, भावोजी. मी तिच्यावर खेकसलो. ती म्हणाली आटवूया, मी आटवू दिलं नाही. आणि मग तिच्याच घरात, तिचीच बियर पीत, तुमच्यासमोर मी खोटं बोललो."

 बॉइम्ल आपल्या टोपीच्या आत काहीतरी शोधू लागला.

"अरे, वय झालं की होतं असं," हाउबनर कसाबसा म्हणाला. "माझ्या बापाचं पण..."

"वयानं आकडे गेले," ओटमार म्हणाला. "खोटं मी वयानं नाही बोललो."

आणि तो बसला. इतका मोठा माणूस, पण बाकावर तो एखाद्या रिकाम्या कोटासारखा दिसत होता.

नोटबुर्गा उभी राहिली. "पाळी माझी. मार्चमध्ये. नळ मी सोडणार," ती म्हणाली, रुमालाची गाठ घट्ट केली आणि जिना उतरून गेली. कुणी नाही म्हणालं नाही.

दोन-तीन दिवसांनी क्रेशेन्झनं त्याला जवळजवळ ढकलतच तिच्या घरी नेलं. नोटबुर्गा स्वयंपाकघरात उकडायचे बटाट्याचे गोळे वळत होती. तिनं बसा म्हटलं, पण हात थांबवले नाहीत. ओटमार म्हणाला, "बुर्गी, मी चुकलो."

"पाणी चुकलं त्याचं काही नाही, भावोजी. पाणी कुणाचंही चुकतं. माझ्या डोळ्यांना दिसत होतं तरी मी तुमचं ऐकलं, ती माझी चूक." तिनं एक गोळा ताटात ठेवला. "पण त्या संध्याकाळी तुम्ही बोललात तेव्हा माझ्या हातात सहा मग होते. ते खाली टाकून ओरडावंसं वाटलं मला. नाही ओरडले. का, माहितीये? मला वाटलं, आज नाही तर उद्या सकाळी येतील. मग वाटलं, रविवारी येतील. नाताळ आला, तेव्हा मी वाट बघणं सोडलं."

"तोंड नव्हतं दाखवायला."

"माझं तर रोज दिसत होतं सगळ्यांना," ती म्हणाली.

 क्रेशेन्झ म्हणते, गोळे वळून झाल्यावर नोटबुर्गानं पाणी उकळायला ठेवलं आणि दोघांनाही जेवायला थांबवून घेतलं. जेवताना हवेबद्दल बोलणं झालं.

मार्चमध्ये तिनं पुन्हा सहाच पोती घेतली. हिशेब तिनं स्वतः केला, मोठ्यानं, सगळ्यांसमोर, पण ओटमारच्या थाटात नाही. अडखळत, बोटांवर मोजत, एकदा चुकून आणि मागे येऊन. "तीनशे किलो. तीन त्रिक नऊ, म्हणजे नऊशे, वर निम्म्याचे दीडशे. एक हजार पन्नास." मग बियर किती हवी ते धरून चोथा धुवायचं पाणी काढलं. हाउबनर मान डोलवत राहिला, जणू त्यालाही येत होतं.

ओटमार आला होता. लाकडं आणून टाकली आणि तो मागे भिंतीशी उभा राहिला. धान्य ओतून झाल्यावर नोटबुर्गानं हाक मारली, "भावोजी, जरा चाटू धरा."

"मला काही विचारू नकोस, बुर्गी."

"आकडा नाही विचारत. हाताला कसं लागतंय ते सांगा."

तो काठावर चढला, चाटू दोन्ही हातांनी धरून संथ फिरवला. डोळे मिटले. "जड आहे थोडं. मी असतो तर दोन बादल्या टाकल्या असत्या."

नोटबुर्गानं स्वतः फिरवून पाहिलं. "असू दे जड," ती म्हणाली आणि पाणी टाकलं नाही.

बियर चांगली झाली. फार चांगली असं मी म्हणणार नाही, जरा अंगानं जाडच होती, पण पहिल्या दोन दिवसांतच निम्म्याहून अधिक संपली. बॉइम्ल तीन मग प्यायला आणि जाताना नोटबुर्गाला काहीतरी म्हणायला थांबला, पण त्याला जमलं नाही, नुसताच दाराशी पाय झाडून गेला.

ओटमार सगळे चार दिवस तिथेच होता, पण बसला नाही. भरलेले मग न्यायचे, रिकामे आणायचे, टेबलं पुसायची, एवढंच तो करत राहिला. ज्यांनी आयुष्यभर त्याला पाण्याचा हिशेब विचारला, त्यांच्यासमोर तो मान खाली घालून पाव ठेवायचा. आम्हालाच कसंतरी व्हायचं. हाउबनरनं बाकावर सरकून जागा केली, "ये की रे, बस घटकाभर."

"उभाच बरा आहे मी," ओटमार म्हणाला आणि रिकामे मग उचलून आत गेला.